मातामायला नवरा नाही

भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांच्या शिवेवर कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले चार-पाच दगड दिसतात. डोक्यावर छप्पर नसतं, असलंच तर पत्र्याचं. समोर फुटलेल्या नारळाची करवंटी, सुकलेलं लिंबू, हिरव्या बांगड्या आणि पावसानं रंग उतरलेला खणाचा तुकडा. ही मातामाय. दगडाला नाक नाही, डोळे नाहीत. तिचं लग्न कुणाशी झालं, असं पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत कुणी विचारत नाही. महादेवाला पार्वती लागते, विठोबाला रखुमाई लागते. मातामायच्या शेजारी मात्र कुणी उभा नाही, आणि त्यात काही चुकल्यासारखं गावाला कधी वाटलेलं नाही.

पूर्वी गावात देवीची साथ आली की सगळं गाव तिच्या पायाशी यायचं. ‘माता निघाली’ म्हणजे अंगावर फोड आले. घरात फोडणी बंद, दाराला निंबाचा पाला, पोराला हात लावायचा तोही देवीला हात लावल्यासारखा. रोग तिचा आणि उतारही तिचाच. लस टोचणाऱ्या सरकारी माणसालासुद्धा लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. रोग गेला, दगड तिथंच राहिले. चैत्रात आजही जवारे पेरले जातात आणि अंकुरांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाया तिच्याकडे निघतात.

या दगडांकडे बघून एक मोठी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. फार पूर्वी सगळीकडे देवीचं राज्य होतं, म्हणजे बाईचं राज्य होतं. मग पुरुषांचे देव आले आणि त्यांनी ते उलथून टाकलं, अशी ती गोष्ट. १८६१ साली योहान बाखोफेन या स्विस पंडितानं मातृसत्तेवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ती जगभर फिरते आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी विवाहसंस्थेचा मागोवा घेताना या वाटेला हात घातला. धुळ्याच्या शरद पाटलांनी निर्ऋती या वैदिक देवतेत स्त्रीसत्तेची खूण पाहिली आणि तिच्यावर आयुष्यभराचा युक्तिवाद उभा केला. त्यांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. पण पूजेत देवी दिसली की घरात बाईची सत्ता होती, असं पुराव्यानं म्हणता येत नाही. आजच्या गावात मातामाय आहे, आणि त्याच गावात सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे. म्हणून मला विचारायचं आहे ते एवढंच : देवीची पूजा करणाऱ्या बाईची ओळख कशावरून ठरत होती, आणि ती कधी, कशी बदलली? या प्रश्नाला भंडारा जिल्ह्यात दगडावर आणि तांब्यावर लिहिलेली उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर पवनीचं. वैनगंगेच्या काठचं हे गाव मातीच्या जुन्या तटबंदीच्या आत वसलेलं आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या हाताखाली जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक मोठा स्तूप बाहेर आला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. त्यांत एक नाव विसमिता. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची ब्राह्मी अक्षरं, प्राकृत भाषा. विसमितेचं हे दान, सगळ्या जिवांना त्यातून सुख होवो, असा त्या ओळीचा अर्थ. जेवढा मजकूर वाचता येतो, त्यात नवऱ्याचं नाव नाही, मुलाचंही नाही. दगडाचा खर्च तिनं केला, म्हणून नाव तिचं. आणि मागणं मागितलं ते सगळ्या जिवांसाठी. ‘माझ्या कुंकवासाठी’ नाही, ‘माझ्या लेकरासाठी’ नाही.

बौद्ध संघ बाईला बरोबरीनं वागवत होता, असं मात्र मी म्हणणार नाही. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनंही कालपरवाच्या भिक्खूला वंदन करावं, असा नियम त्या परंपरेनंच नोंदवून ठेवला आहे. पण दान देणारी बाई आपल्या नावानं दगडावर येऊ शकत होती, हे पवनीत डोळ्यांना दिसतं.

पवनीच्या अवशेषांत मुचलिंद नागही आहे, त्याचं नाव कोरलेलं. बुद्धावर फणा धरणारा तो नाग. नागाची पूजा या मुलखात बुद्धाच्या आधीची. नव्या धर्मानं नागाला हाकललं नाही, आपल्या दारात पहारेकरी म्हणून उभं केलं. जुन्या देवाला नव्या घरात जागा द्यायची, पण आपल्यापेक्षा खाली : ही रीत पुढं देवींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसते.

देवीचा मागोवा घ्यायचा तर जिल्ह्याबाहेर, पार पुणे जिल्ह्यातल्या इनामगावापर्यंत जावं लागतं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी पुरलेली सापडली. काळ साधारण इसवीसनापूर्वी १३००. पेटीत कच्च्या मातीची बाई होती, डोकं नसलेली. सोबत एक बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की बाई बैलावर बसते. शेतकऱ्याच्या घरातली ही देवी बिनडोक्याची होती, बैलावर बसत होती आणि घरच्यांनी ती जमिनीत जपून ठेवली होती. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही.

दीड हजार वर्षांनी तीच बिनडोक्याची देवी दगडात आणि भाजलेल्या मातीत महाराष्ट्रभर दिसू लागते. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन, आणि आमच्या अंगणात म्हणावं तर नागपूरजवळचं माहूरझरी. मान संपते तिथं कमळ फुललेलं, पाय फाकून वर घेतलेले, प्रसूतीला बसल्यासारखे. रा. चिं. ढेऱ्यांनी १९७८ साली ‘लज्जागौरी’ लिहून तिला मराठी वाचकापुढं आणलं. त्यांनी सांगितलं की हे भूमीचं रूप आहे, सृजनाचं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज नंतरच्यांनी जोडली आणि नावही नंतरच्यांनीच ठेवलं.

या देवीचा एक दगड आंध्रातल्या नागार्जुनकोंडा इथं सापडला. तिसऱ्या शतकातला. त्यावर दान देणाऱ्या राणीचा लेख आहे : महादेवी खंडुवुला, इक्ष्वाकू राजा एहुवुल चांतमूलाची राणी. आणि ती स्वतःविषयी काय सांगते? ‘अविधवा’ आणि ‘जीवपुता’. म्हणजे नवरा हयात असलेली आणि मुलगा जिवंत असलेली. विसमितेपासून चार-पाचशे वर्षं झाली होती. समोरच्या देवीला नवरा नाही, पोर नाही, चेहरासुद्धा नाही. आणि तिच्यापुढं हात जोडणाऱ्या राणीला आपली लायकी नवऱ्यावरून आणि मुलावरून सांगावी लागते आहे. धर्म कुठं वळला, हे मला कुठल्याही धर्मशास्त्रापेक्षा या दोन शब्दांत जास्त स्पष्ट दिसतं. देवीला कुणी हात लावला नाही. तिच्यासमोर उभं राहण्याची अट बदलली.

आजही ओटी कुणी कुणाची भरायची, हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, हे त्याच दोन शब्दांवर ठरतं. घरातली विधवा आजी अशा वेळी आतल्या खोलीत बसते आणि ओटीचे तांदूळ निवडून देते, हे मी लहानपणी पाहिलं आहे. तांदूळ तिच्या हातचे चालत. ओटी भरायला हात दुसऱ्याचा लागे.

आता माहूरच्या रेणुकेकडे बघा. भंडाऱ्याचेही भाविक माहूरला जातात. गाभाऱ्यात धड नाही, फक्त तांदळा. मोठं शेंदरी मुख. डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे, असं का? पुराणानं सांगितलेलं कारण सगळ्यांना पाठ आहे. जमदग्नीची बायको पाण्याला गेली, जलक्रीडा करणाऱ्या राजाकडे पाहून तिचं मन क्षणभर चळलं. नवऱ्यानं ओळखलं, मुलांना सांगितलं हिला मारा. थोरल्यांनी ऐकलं नाही. परशुरामानं परशू उचलला. ढेऱ्यांनी लज्जागौरी आणि रेणुका यांची नाळ जोडून दाखवली आहे. बिनडोक्याची भूदेवी आधीची, शिरच्छेदाची गोष्ट मागाहूनची. हे एकदा लक्षात आलं की ती गोष्ट पहिल्यासारखी ऐकता येत नाही. जिला मुळात डोक्याची गरजच नव्हती, तिचं डोकं कसं गेलं याचं कारण शोधलं गेलं, आणि ते कारण म्हणजे नवऱ्याचा संशय आणि मुलाचं आज्ञापालन. देवी तीच राहिली. पूजा वाढली. फक्त ती आता कुणाची तरी बायको झाली, आणि तिच्या हातून काहीतरी चुकलं होतं.

दामोदर कोसंबींनी सह्याद्रीच्या वाटा पायी तुडवत अशाच देवी नोंदवल्या. गावच्या कितीतरी देवींना नवरा नाही हे त्यांनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त ठळकपणे मांडलं. त्यांचा तर्क असा, की या देवी बापाला महत्त्व नसलेल्या समाजातून आल्या. पुढं धनगर-गवळ्यांचे देव त्याच वाटांनी आले. आधी देवी आणि देव भांडले, मग त्यांचं लग्न लागलं, कारण त्यांना पूजणारी माणसं एकत्र राहू लागली. देवांच्या लग्नात कोसंबींना दोन समाजांची सोयरीक दिसते. मला त्याबरोबर आणखी एक दिसतं. लग्नानंतर देवळाच्या दारावर नाव देवाचं लागतं.

पुन्हा भंडारा जिल्ह्यात येऊ. लाखनी तालुक्यातल्या मिरेगावात ताम्रपट सापडले. ते एका राणीचे. प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला विदर्भाचा कारभार तिनं हातात घेतला आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तो चालवला. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यावर ब्राह्मीत तिचं नाव आणि शंखाचं चिन्ह.

तिच्या ताम्रपटांतून एक विलक्षण बाई समोर येते. पुण्याच्या ताम्रपटात तिनं सुरुवातीला सासरची नाही, माहेरची वंशावळ दिली. गोत्र सांगितलं तेही बापाचं, धारण. आणि आईचं नाव सांगितलं : कुबेरनागा, नागकुळातली. पवनीच्या मुचलिंदानंतर सहा-सातशे वर्षांनी ‘नाग’ हा शब्द विदर्भाच्या लेखात पुन्हा येतो, तो आईच्या बाजूनं. लग्न झालं, नवरा गेला, तरी या बाईनं आपलं कूळ सोडलं नाही. पुण्याच्या त्याच पटाच्या मुद्रेवर तिची सत्ता मात्र ‘युवराजाची जननी’ म्हणून उभी आहे. हुकूम तिचा, पण मुलाच्या वतीनं. पुढं रिद्धपूरच्या पटात, मुलगा प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिच्या विशेषणांत जिवंत मुलं आणि नातवंडं येतात. खंडुवुलेचं ‘जीवपुता’ इथंही आहे. ‘अविधवा’ नाही, ते लिहिणं शक्य नव्हतं. विधवा असून जी पंधरा-वीस वर्षं राज्याच्या केंद्रस्थानी राहिली, तिचाही उल्लेख पुत्रवती म्हणून करावा लागला.

ती स्वतः भगवंताची, विष्णूच्या पाऊलखुणांची निस्सीम भक्त होती. पुण्याच्या पटातलं दान तिनं कार्तिक शुद्ध द्वादशीला, त्या पावलांना अर्पण करून दिलं. दंगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामींना. अशा दानांनी विदर्भाचा नकाशा बदलत गेला. ब्राह्मणांना गावं मिळाली, त्यांच्याबरोबर पंचांग आलं, पुराणं आली, वंशावळी आल्या. मुलगा प्रवरसेन शैव; त्याचा ताम्रपट पवनीतही सापडला आहे. पुरुषप्रधान धर्म या मुलखात तलवार घेऊन आला असं मला दिसत नाही. तो करमाफीच्या सनदा घेऊन आला, आणि त्यांतल्या काही सनदांवर एका बाईची मुद्रा आहे. सोप्या गोष्टीत हे बसत नाही, म्हणूनच सांगायला हवं.

त्याच्या पुढच्या शतकाच्या आसपास संस्कृतात देवीमाहात्म्य तयार झालं. देवी परमेश्वरी झाली, पण तिचा जन्म कसा? सगळ्या देवांच्या तेजाचा लोळ एकत्र आला, त्यातून ती प्रकटली. त्रिशूळ शिवानं दिला, चक्र विष्णूनं दिलं. इनामगावच्या देवीला कुणी शस्त्र दिलं नव्हतं. या ग्रंथानं देवीला जितकं उंच नेलं तितकं कुणीच नेलं नव्हतं, हेही खरं आहे. चंड-मुंडांना मारणारी चामुंडा त्यातलीच. मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या नावात हीच चामुंडा आहे. चौंडेश्वरी कोष्ट्यांची कुलदेवी, आणि मोहाडी-आंधळगावला कोशाच्या साड्यांचे माग. नवरात्रात तिच्यापुढं ज्योती लागतात, रांगा लागतात. देवळाला शिखर आहे, पुजारी आहे, विश्वस्त आहेत. शिवेवरच्या मातामायला यातलं काही नाही. तिच्याकडे जाणाऱ्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही.

यापलीकडे गोंडांची बाजू आहे, आणि ती ऐकल्याशिवाय झाडीपट्टीचा इतिहास अर्धाच राहतो. सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा १ मे १९९९पर्यंत भंडारा जिल्ह्यात होती, आता गोंदियात आहे. माघ पौर्णिमेला तिथं देशभरातून गोंड येतात. त्यांच्या कथेत काली कंकाली ही देवांची माता. तिच्या आश्रयाला असलेली पोरं शंभूनं गुहेत कोंडली आणि दारावर शिळा लोटली. आई रडून रडून हाडांची काडी झाली. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर आले. शिळा ढळली, पोरं सुटली, हिरासुका तिच्याखाली गेला. कथेचं हे रूप छापून घराघरांत नेलं ते मोतीरावण कंगाली यांनी. रामटेक भागात जन्मलेल्या या गोंडी अभ्यासकाचा कचारगडची यात्रा उभी करण्यातही मोठा वाटा होता.

हीच कथा शंभरहून अधिक वर्षं आधी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या कथागायकाकडून, उतरवून घेतली होती. १८६३ साली ते नदीच्या पुरात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यात कोंडणारा महादेव आहे. गोंडांचा वास त्याला सहन होत नाही. एका खारीच्या मागं लावून तो त्यांना गुहेत घालवतो आणि धोंड्यानं तोंड बंद करतो. पण घरात अस्वस्थ होते ती पार्वती. गोंडांचा तो वास कुठं गेला, असं तिला वाटतं आणि ती तपाला बसते. नवऱ्याला ज्याची घाण वाटली, त्याचीच बायकोला आठवण येते. एक रूप मिशनऱ्यानं परधानाच्या तोंडून टिपलं, दुसरं गोंडांनी स्वतः लिहिलं. दोन्हींत कोंडणारा देव आणि तळमळणारी आई आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आपला इतिहास असा लक्षात ठेवला. आणि जंगो रायताड? गोंड तिला विधवा-परित्यक्तांची पाठराखीण मानतात. जिला ओटीच्या रांगेत जागा नाही, तिची देवी.

आता नवेगाव बांध. हाही पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातला. धानाच्या या मुलखात तळं म्हणजे जीव. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यानं घातला, असं सांगतात. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या सात बहिणींनी बांधाला हात लावला म्हणून तो टिकला, अशी तिथली परंपरा, आणि ती जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. कोलू पुढं देव झाला. कोलासूर म्हणून एका शिखरावर त्याचं ठाणं आहे. आणि सात बहिणींचं काय राहिलं? सांडव्याच्या पायथ्याशी त्यांच्या पावलांच्या खुणा दाखवतात. सातींच्या मिळून.

ठाणं एकाचं, नाव एकाचं. बहिणींना नावं नाहीत, नवरे नाहीत, मूर्ती नाही. महाराष्ट्रभर पाण्याकाठी साती आसरांचे, म्हणजे जलदेवतांचे, सात दगड मांडलेले असतात, त्याच या असाव्यात असं मला वाटतं.

आषाढात या तळ्यांच्या पाण्यावर रोवणी चालते. बांधीत चिखल झालेला, परे मुठीत, बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत जातात. सधवा कोण, विधवा कोण, ते त्या ओळीत कुणी बघत नाही. मजुरी सगळ्यांची सारखी. पाऊल उचललं की खळग्यात पाणी भरतं, आणि शेजारणीचं पाऊल त्याच खळग्याला येऊन मिळतं.